वाढलेली पानथरी आणि तिची नोंद

पारशिवनी तालुक्यातल्या एखाद्या दवाखान्यातून रुग्णाला नागपूरला पाठवतात, तेव्हा त्याच्या हातात एक चिठ्ठी असते. नागपूरकर ज्याला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात त्या शासकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत ती चिठ्ठी दाखवायची असते. चिठ्ठीवर चारपाच शब्द असतात : ताप, अशक्तपणा, रक्त कमी, स्प्लेनोमेगाली. यातला शेवटचा शब्द ऐकायला भारदस्त आहे. ‘स्प्लेन’ म्हणजे प्लीहा आणि ‘मेगास’ म्हणजे मोठा, असे दोन ग्रीक शब्द जोडून तो झाला आहे. म्हणजे डॉक्टरांनी एवढेच लिहिले की पोटातली पानथरी मोठी झाली आहे. ती किती मोठी झाली, कधीपासून आणि कशामुळे, यांपैकी काहीच त्या शब्दात नाही. रोग्याच्या घरच्यांना मात्र वाटते की रोगाचे नाव कळले.

या लेखाचा विषय त्या न लिहिलेल्या अर्ध्या भागाचा आहे. वरवर पाहता ही दवाखान्यातल्या कारकुनीची गोष्ट वाटेल. पण या एका अवयवाच्या नोंदीने गेल्या पावणेदोनशे वर्षांत कालव्यांचे आराखडे तपासायला लावले, मारेकऱ्याला तीस रुपये दंडावर सोडले, आणि विदर्भातल्या एका आजाराला बराच काळ अदृश्य ठेवले.

आधी अवयवाविषयी. पानथरी, कुठे पांथरी तर कुठे पाणथरी, डाव्या बरगड्यांच्या आड जठराला लागून असते. निरोगी माणसात तिचे वजन साधारण दीडशे ग्रॅम, आकार मुठीएवढा. जुन्या झालेल्या तांबड्या पेशी मोडीत काढणे आणि रक्तात शिरलेल्या जंतूंना गाळून पकडणे, ही तिची मुख्य कामे. निरोगी पानथरी बहुधा हाताला लागत नाही. ती दुपटीतिपटीने वाढली म्हणजे बरगडीखाली उतरते आणि मग बोटांना जाणवू लागते. म्हणूनच जुन्या बोलण्यात ‘पानथरी झाली’ म्हटले की ती वाढली असेच समजायचे. अवयवाचे नाव तेच रोगाचे नाव झाले होते. आयुर्वेदाने मात्र इथे जास्त बारकाई दाखवली आहे. चरकाने उदररोगांच्या आठ प्रकारांत प्लीहोदर वेगळे काढले आणि डाव्या कुशीत वाढत जाणाऱ्या त्या कठीण गोळ्याला कासवाच्या आकाराची उपमा दिली. ज्याने कधी मोठी पानथरी हाताने चाचपली आहे त्याला ही उपमा किती नेमकी आहे ते कळेल.

चाचपण्याचीही एक रीत आहे. रोग्याला उताणे झोपवून, गुडघे दुमडायला लावून, डॉक्टर हात पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ठेवतो आणि प्रत्येक श्वासाला थोडा थोडा डाव्या बरगडीकडे सरकवतो. नवशिका डॉक्टर थेट बरगडीपाशीच हात ठेवतो. पानथरी बेंबीच्या खाली उतरलेली असेल तर त्याचा हात तिच्या पाठीवरच पडतो, कड सापडत नाही आणि ‘काही लागत नाही’ असे कागदावर उतरते. सगळ्यांत मोठी पानथरी निसटण्याचा धोका अशा रीतीने सगळ्यांत जास्त असतो. कड सापडली की बरगडीच्या काठापासून बेंबीच्या दिशेने अंतर मोजायचे आणि ते सेंटिमीटरमध्ये लिहायचे. सोनोग्राफी असेल तर लांबी मिळते. प्रौढात ती बारातेरा सेंटिमीटरच्या आत असावी असा सर्वसाधारण दंडक आहे.

मोजपट्टी नसेल तर? १९४४ मध्ये हॅकेट नावाच्या मलेरियातज्ज्ञाने शून्य ते पाच अशी एक पायरी ठरवून दिली. खोल श्वास घेऊनही लागत नाही ती शून्य, खोल श्वासाला लागते ती एक. बरगडी आणि बेंबी यांच्या मध्यापर्यंत आली तर दोन, बेंबीपर्यंत तीन, बेंबी ओलांडून खालच्या अर्ध्या वाटेपर्यंत चार, त्याही पलीकडे गेली तर पाच. बोटांखेरीज कुठलेही साधन लागत नाही. झाडाखाली, शाळेच्या ओसरीवर, पन्नास मुले तासाभरात तपासून होतात. या स्वस्ताईमुळेच पानथरी हे एकेकाळी साऱ्या जगात मलेरियाचे माप झाले.

त्याची सुरुवात हिंदुस्थानातच झाली. १८४०च्या दशकात पश्चिम यमुना कालव्याच्या काठची गावे तापाने पोखरली होती आणि कर्नालची लष्करी छावणी सोडून द्यायची पाळी आली होती. कालव्यामुळेच हा ताप येतो का, हे पाहण्यासाठी सरकारने एक समिती नेमली. तिच्यात बेकर आणि यूल हे दोन अभियंते होते आणि डेम्प्स्टर हे शल्यवैद्य. ‘ताप येतो का’ असे विचारले तर प्रत्येक जण हो म्हणतो, आणि कोणता ताप ते कळत नाही. डेम्प्स्टर यांनी ही अडचण ओळखून गावागावांत लोकांच्या, विशेषतः मुलांच्या, पोटाला हात लावून किती जणांची पानथरी वाढली आहे ते मोजले. कालव्यालगतची गावे आणि लांबची गावे यांचे आकडे समोरासमोर ठेवले. १८४७ मध्ये तो अहवाल आला. डासांचा आणि मलेरियाचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत दाखवला तो १८९७ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. कारण ठाऊक नसताना केवळ खुणेची नीट नोंद ठेवून डेम्प्स्टर यांनी पाणी साचणे आणि ताप यांची सांगड घालून दाखवली होती. समितीतले यूल म्हणजेच पुढे ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश करणारे हेन्री यूल. शब्द गोळा करण्याआधी ते पानथऱ्यांच्या मोजणीत सहभागी होते, ही गोष्ट मला फार आवडते.

पुढे दोन ते नऊ वर्षांच्या मुलांत किती टक्के पानथऱ्या वाढलेल्या आहेत यावरून मुलखाचा मलेरिया ठरवायची पद्धत रुळली : दहा टक्क्यांच्या आत असेल तर सौम्य, अकरा ते पन्नासपर्यंत मध्यम, पन्नासाच्या वर तीव्र. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हाही मुलांची पोटे चाचपणे हा पाहणीचा नेहमीचा भाग होता.

आता तीस रुपयांची गोष्ट. आग्र्याला फुलर नावाचे इंग्रज वकील राहत. चर्चला जायला गाडी तयार होती आणि त्यांचा मोतद्दार कटवारू वेळेवर दाराशी हजर नव्हता. फुलरसाहेबांनी त्याच्या डोक्यावर-तोंडावर हात चालवला, केस धरून ओढले. तो खाली पडला. साहेब सहकुटुंब प्रार्थनेला गेले. मोतद्दार उठून शेजारच्या आवारापर्यंत गेला आणि तिथे मेला. शवविच्छेदनात पानथरी फाटल्याचे आढळले, आणि ती आधीच रोगाने वाढलेली असल्याने अगदी किरकोळ धक्क्यानेही फाटली असती असे मत नोंदवले गेले. मॅजिस्ट्रेट लीड्स यांनी इजा केल्याबद्दल दोषी धरून तीस रुपये दंड केला. दंडाची रक्कम विधवेला मिळाली. १८७६ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी या निकालावर कडक शब्दांत टिपण लिहिले आणि हिंदुस्थानातली इंग्रजी वर्तमानपत्रे त्यांच्यावरच तुटून पडली. (देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८चा कायदा याच लिटन यांचा, हेही लक्षात असू द्यावे.)

फुलर प्रकरण एकटे नव्हते. साहेबाचा बूट आणि नोकराची पानथरी हा त्या काळच्या न्यायालयांतला ठरीव प्रयोग होता. इतिहासकार जॉर्डना बेल्किन यांनी या विषयावर लिहिलेल्या अभ्यासाच्या शीर्षकातच बूट आणि पानथरी हे दोन शब्द आहेत. मला इथे न्यायाधीशाच्या वर्णद्वेषापेक्षा शवविच्छेदनाच्या भाषेकडे लक्ष वेधायचे आहे, कारण द्वेषाला आधार तिथे मिळतो. ‘वाढलेली’ म्हणजे किती? तीनशे ग्रॅमची पानथरी वाढलेली आणि तीन किलोचीही वाढलेलीच. एकाच शब्दाखाली दोन्ही मावतात. फटका किती जोराचा होता हा प्रश्न मग मागे पडतो आणि मेलेल्या माणसाचे पोट आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते.

कायदा खरे तर याबाबत गाफील नव्हता. १८६०च्या दंडसंहितेच्या कलम २९९ला पहिलेच स्पष्टीकरण जोडले आहे : आधीच आजारी असलेल्या माणसाला इजा करून कोणी त्याचा मृत्यू लवकर आणला, तर त्यानेच मृत्यू घडवला असे मानावे. आजच्या न्याय संहितेतही, कलम १०० खाली, ते कायम आहे. पळवाट दुसऱ्या टोकाला होती. मारणाऱ्याला त्या आजाराची जाणीव होती का, हे सिद्ध करावे लागे, आणि साहेब म्हणे, मला काय ठाऊक? पण गावेच्या गावे पानथरीने ग्रासलेली आहेत हे सरकारच्याच अहवालात १८४७ मध्ये छापून आले होते. एका खात्याच्या कागदावर आकडेवारीने नोंदलेली गोष्ट दुसऱ्या खात्याच्या न्यायासनावर कोणाच्याच गावी नव्हती.

मृत्यूचे कारण कसे लिहावे याचे आंतरराष्ट्रीय नियम नंतर आले. १८९३ मध्ये शिकागोच्या सांख्यिकी परिषदेत जाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली, आणि तिचीच वाढ होत होत आजचे रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, डॉक्टरी बोलीत ‘आयसीडी’, तयार झाले. तिची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. प्रत्येक रोगाला एक अक्षर आणि काही अंक. कटवारूचा कागद आज एखाद्या कोडरच्या टेबलावर आला तर काय होईल? पानथरी आपोआप फाटली तर डी७३.५, माराने फाटली तर एस३६.०. इजेचा कोड आला की बाहेरचे कारणही लिहावेच लागते, आणि अंगबळाने केलेल्या हल्ल्याला वाय०४ हा कोड आहे. मूळ कारण म्हणून आकडेवारीत जाते ते हे बाहेरचे कारण. आधीचा मलेरिया असलाच तर तो मृत्यूच्या दाखल्याच्या दुसऱ्या भागात, मृत्यूला हातभार लावणाऱ्या गोष्टींत, जाईल. म्हणजे मृत्यूचे मूळ कारण हल्ला, पानथरी नव्हे. ओळींचा क्रम बदलला की मृत्यू कोणामुळे झाला याचे उत्तर बदलते.

वर्गीकरणात वाढलेल्या पानथरीचे स्वतःचे घर आहे ते आर१६.१. ‘आर’ हे अठराव्या प्रकरणाचे अक्षर. त्या प्रकरणात रोग नसून खुणा आणि लक्षणे आहेत : खोकला, ताप, चक्कर, पोटदुखी. कोडच्या नावातच ‘इतरत्र वर्गीकृत नसलेली’ अशी पुस्ती आहे, म्हणजे कारण सापडलेले नसेल तरच इथे या. कारण सापडले की पत्ता बदलतो. यकृताच्या आजाराने रक्त तुंबून वाढलेली पानथरी डी७३.२. पेशी गरजेपेक्षा जास्त मोडणारी, अतिक्रियाशील पानथरी डी७३.१, पण त्यासाठी रक्तपेशींचे आकडे हवेत. नुसता आकार पुरत नाही. मलेरियामुळे असेल तर बी५० ते बी५४, काळ्या आजारामुळे बी५५.०, सिकलसेलमुळे डी५७. यकृतही वाढले असेल तर आर१६.२, पण ती पुन्हा खूणच.

आयसीडीच्या अमेरिकी आवृत्तीच्या वर्णानुक्रम सूचीत स्प्लेनोमेगालीची नोंद उघडली तर तिथे एक गंमत दिसते. मुख्य शब्दापुढे कंसात काही विशेषणे आहेत, आणि त्यांतले एक ‘बंगाल’ आहे. कंसातली विशेषणे असली-नसली तरी कोड बदलत नाही, असा सूचीचा नियम आहे. ‘उष्ण कटिबंधीय’, ‘अज्ञात कारणाची’ हीही शेजारीच आहेत. म्हणजे बंगालची पानथरी आर१६.१. इजिप्तची मात्र बी६५.१, कारण तिथल्या पानथरीमागची कृमी शोधून काढून तिला रोगाचा कोड दिला गेला. बंगाल अजून खुणांच्या प्रकरणातच राहिला आहे. वसाहतीच्या काळात कोणाच्या दुखण्याचे कारण शोधले गेले आणि कोणाचे नुसते नाव ठेवले गेले, याचा एवढा छोटा पुरावा दुसरीकडे सापडणे कठीण.

आता पुन्हा पारशिवनीकडे. नागपूर जिल्ह्याच्या उत्तरेला, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून हा तालुका आहे. वरच्या अंगाला पेंचचे जंगल आणि कोलितमाऱ्यासारखी गावे, मध्ये नवेगाव खैरीचे धरण आणि त्याचे कालवे, खाली कन्हान आणि गोंडेगावच्या कोळसा खाणी. जंगल, कालवे आणि खाणीवर बाहेरून येणारे मजूर या तिन्ही गोष्टी इथे एकत्र आहेत. डेम्प्स्टर इथे आले असते तर पोटे चाचपायलाच बसले असते. आणि त्यांचे उत्तर बहुधा अर्धेच बरोबर आले असते, कारण विदर्भात पानथरी वाढवणारी दुसरी एक गोष्ट आहे आणि तिचा डासांशी संबंध फार लांबचा, हजारो वर्षांपूर्वीचा आहे.

सिकलसेल म्हणजे हिमोग्लोबिनमधला आनुवंशिक दोष. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, ताठरतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तर मूल रुग्ण, एकाकडूनच आला तर वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो, उलट त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, असे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. त्यामुळे जिथे पिढ्यान्पिढ्या मलेरिया तिथे हा दोष टिकून राहिला. एकाच मुलखात, एकाच गावात, कधीकधी एकाच घरात पानथरी मोठी होण्याची दोन कारणे शेजारी शेजारी नांदत होती.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्यासारख्या पेशींचे पहिले वर्णन १९१० मध्ये केले. हिंदुस्थानात हा दोष असल्याचे पहिल्यांदा छापून आले ते १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींसंबंधी. आणि मध्य भारतात तो असल्याचे शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात कळवले ते १९५८ मध्ये. विदर्भात हा दोष गोंड, माडिया, परधान यांच्याप्रमाणेच पूर्वाश्रमीच्या महार समाजात आणि कुणबी, तेली अशा समाजांतही आढळतो. ‘आदिवासींचा आजार’ हे त्याचे चालू नाव म्हणून अपुरे आहे. १९५८च्या आधी या भागातल्या सिकलसेल असलेल्या मुलाचे पोट कोणी चाचपले असेल, तर त्याची नोंद कुठे गेली असेल? मलेरियाच्या रकान्यात. दुसरा रकानाच नव्हता. ते मूल पुढे दगावले तरी ‘ताप’ एवढेच लिहिले गेले असेल. किती मुलांचे असे झाले हे आता कोणीही सांगू शकणार नाही. नोंद चुकीच्या रकान्यात गेली की ती शोधूनही काढता येत नाही.

इथून पुढचा भाग तर आणखी विचार करायला लावणारा आहे. पाठ्यपुस्तकात, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवरून लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात, सिकलसेलच्या मुलाची पानथरी लहानपणी वाढते आणि मग आतल्या आत पुन्हा पुन्हा रक्तपुरवठा तुटून आक्रसत जाते. मोठेपणी ती लागतच नाही. हे पाठ केलेला डॉक्टर पंधरा वर्षांच्या मुलाची मोठी पानथरी पाहून सिकलसेलचा विचार मागे टाकू शकतो. पण १९८६ मध्ये ओडिशातल्या रुग्णांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि दिसले की आपल्याकडे पानथरी पुष्कळदा मोठीच राहते, तारुण्यातही. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते, हे त्यामागचे एक कारण मानतात. त्यावरून ‘भारतीय सिकलसेल सौम्य’ असेही एक सोपे मत रुजले. नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात जन्मलेल्या बाळांची तपासणी करून त्यांचा पाठपुरावा ठेवला गेला तेव्हा त्या सौम्यपणाच्या मताला चांगलाच तडा गेला. विदर्भातली लहान मुले वेदनांचे झटके, तीव्र रक्तक्षय, जंतुसंसर्ग या सगळ्यांतून जातात.

यातले सगळ्यांत भयंकर संकट पानथरीतच घडते. काही तासांत शरीरातले रक्त पानथरीत येऊन साचते, ती भराभर फुगते, मूल पांढरेफटक पडते. वेळेत रक्त मिळाले नाही तर ते दगावते. मूल नेहमीच्या मोठ्या पानथरीचे आहे की आज अचानक वाढलेल्या, हे ओळखायचे कसे? कालचे माप कागदावर असेल तरच. ‘बरगडीखाली तीन सेंटिमीटर’ असे मागच्या महिन्यात लिहिलेले असेल आणि आज आठ लागत असेल, तर रात्रीच्या ड्युटीवरच्या अनोळखी डॉक्टरलाही गाडी लगेच बोलवावी लागते हे कळते. मागच्या कागदावर ‘स्प्लेनोमेगाली’ आणि आजच्याही कागदावर ‘स्प्लेनोमेगाली’, तर काहीच बदललेले दिसत नाही. जमैकात ग्रॅहम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ पासून जन्मतःच निदान झालेल्या मुलांचा पाठपुरावा केला. त्यात त्यांनी आयांनाच बाळाची पानथरी चाचपायला शिकवले. रोज सकाळी हात लावून पाहा, मोठी वाटली तर निघून या. या संकटाने होणारे मृत्यू त्यामुळे ठळकपणे कमी झाले.

अमेरिकेच्या आयसीडी आवृत्तीत या संकटाला वेगळा कोड आहे, डी५७.०२. तिथे ऑक्टोबर २०१५ पासून सर्व रुग्णालयांना ही आवृत्ती बंधनकारक आहे, कारण विम्याचे पैसे कोडवर मिळतात. आणि ते कोड बसवणारे हात पुष्कळदा भारतीय असतात. चेन्नई, हैदराबाद, पुण्याच्या कचेऱ्यांत बसून जीवशास्त्राचे पदवीधर रात्रपाळीत अमेरिकी रुग्णांचे केसपेपर वाचतात. त्यांना शिकवलेला पहिला नियम असा की डॉक्टरने लिहिले नाही ते तुम्ही ओळखायचे नाही. सोनोग्राफीत पानथरी सतरा सेंटिमीटर दिसते, हिमोग्लोबिनच्या तपासणीत सिकल आहे, पण डॉक्टरने दोन्हींची सांगड घालून निदान लिहिलेले नसेल, तर कोडरने ते जोडायचे नाही, उलट प्रश्न विचारायचा. आणखी एक बारकावा : अमेरिकेत ओपीडीच्या कागदावर ‘बहुधा सिकलसेल’ लिहिले तर ते निदान धरत नाहीत, खूणच कोड करतात. भरती झालेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कागदावर तेच ‘बहुधा’ असेल तर निदान पक्के धरून कोड देतात. हे काम करणारी विदर्भातली मुलगी शिकागोच्या रुग्णाची पानथरी चौथ्या-पाचव्या अक्षरापर्यंत नोंदवू शकते. तिच्या गावच्या चुलतभावाच्या डिस्चार्ज कार्डावर मात्र बहुधा कोडच नसतो. याचा दोष मी कोण्या एका दवाखान्यावर टाकत नाही. साठ-सत्तर रुग्णांच्या ओपीडीत एकेका रुग्णाला मिळणाऱ्या दोन मिनिटांत शब्दाला आकडा जोडायचा कधी, हा प्रश्न खरा आहे. पण आकडा जोडायला दहा सेकंद लागतात, हेही खरे.

आकडा आणि कारण नसल्याची किंमत नंतर भरावी लागते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलचा आजार अपंगत्वाच्या एकवीस प्रकारांत घेतला. प्रमाणपत्रासाठी पक्के निदान हवे, हिमोग्लोबिनच्या चाचणीचा अहवाल हवा, आजाराने काय काय झाले याचे जुने कागद हवेत. वर्षानुवर्षे ‘रक्त कमी, स्प्लेनोमेगाली’ एवढेच लिहिलेली फाइल घेऊन आलेल्या तरुणाजवळ आजार असतो, पुरावा नसतो. सोल्युबिलिटी चाचणीचा ‘पॉझिटिव्ह’ शिक्काही इथे पुरत नाही, कारण ती वाहक आणि रुग्ण असा फरक सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. वाहकाला रुग्ण समजून मुलीचे लग्न मोडते आणि रुग्णाला वाहक समजून उपचार राहतो, असे दोन्ही घोटाळे या एका शिक्क्यावरून होऊ शकतात.

मृत्यूच्या दाखल्याची गोष्ट तशीच. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्याखाली दवाखान्यातल्या मृत्यूला नमुना ४ आणि घरी झालेल्या मृत्यूला नमुना ४-अ भरतात. पहिल्या भागात तात्कालिक कारण वर, त्याच्या मागचे त्याखाली, सगळ्यांच्या मुळाशी असलेले शेवटच्या ओळीत. ‘हृदयक्रिया बंद’ असे वरच्या ओळीत लिहून खालच्या ओळी मोकळ्या सोडण्याची खोड सर्वत्र आहे. त्या मोकळ्या ओळीत ‘सिकलसेल’ लिहिले गेले नाही तर राज्याच्या आकडेवारीत तो मृत्यू सिकलसेलचा नसतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे लक्ष्य. तपासणीचे आकडे मोहिमेकडून येतील. या आजाराने किती मरतात ते सांगणारा आकडा मात्र त्या शेवटच्या ओळीतूनच येणार.

मग चांगली नोंद कशी दिसते? एका कल्पित मुलाच्या दोन चिठ्ठ्या समोरासमोर ठेवतो. पहिली : ‘ताप, ॲनिमिया, स्प्लेनोमेगाली, पुढील उपचारासाठी रेफर.’ दुसरी : ‘वय नऊ. पानथरी डाव्या बरगडीखाली पाच सेंटिमीटर, घट्ट, दुखरी नाही. दोन महिन्यांपूर्वी चार होती. यकृत दोन सेंटिमीटर. हिमोग्लोबिन सात. मलेरियाची चाचणी निगेटिव्ह. एचपीएलसीनुसार सिकलसेल रुग्ण, आई-वडील दोघे वाहक. आजवर दोनदा रक्त दिले. न्यूमोकॉकसची लस दिली आहे. वाढलेली पानथरी सिकलसेलमुळे.’ शेवटचे वाक्य नसेल तर कोडर आर१६.१ वर थांबतो. ते असेल तर डी५७वर जातो. लशीची ओळ कशासाठी, असे कोणी विचारील. सिकलसेलमध्ये पानथरी हाताला मोठी लागली तरी जंतू गाळण्याचे काम पुष्कळदा करीत नाही, आणि पुढे ती शस्त्रक्रियेने काढावी लागली तर काही जंतूंपुढे शरीर जवळजवळ उघडे पडते. त्या वेळी दुसऱ्या शहरातला सर्जन ही ओळ शोधणार असतो.

आयसीडीची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे आणि देशोदेशी ती सावकाश उतरते आहे. तिच्यात एकापुढे एक कोड तिरक्या रेघेने जोडून साखळी करता येते. खूण आणि कारण एकाच ओळीत बसतात, खुणेसाठी कारण किंवा कारणासाठी खूण सोडावी लागत नाही. पारशिवनीच्या चिठ्ठीवरचा तो एकटा ग्रीक शब्द त्या साखळीतली एक कडी होईल. दुसरी कडी अजूनही त्याच माणसाला लिहावी लागेल, ज्याचा हात मुलाच्या पोटावर होता.